वडीलधारी मंडळी आणि हातांतलें नवें यंत्र

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त केळझर येथें भरलेल्या वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)

ख्रिस्ताठायीं प्रिय वडीलधाऱ्या बंधुभगिनींनो, आणि मागें भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो,

महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें जुना इतिहास सांगावा, दात्यांचे आभार मानावे व भोजनास उशीर होण्यापूर्वीं खालीं बसावें, अशी चाल आहे. इतिहास व आभार हीं दोन्ही कार्यें आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें पार पाडलीं आहेत. सबब आम्हांस एका निराळ्या विषयावर बोलण्याची मोकळीक मिळाली आहे. हा विषय आम्हीं निवडला असें म्हणण्यापेक्षां तो आमच्या दाराशीं चालत आला, असें म्हणणें अधिक खरें होईल.

मागील पावसाळ्यांत एके सायंकाळीं पंचाहत्तरी उलटलेले एक गृहस्थ आमच्या पडवींत येऊन बसले. त्यांचें नांव व गांव आम्ही सांगत नाहीं. हकीकत सांगण्याची परवानगी मात्र त्यांनीं आपण होऊन दिली आहे. ते निवृत्त शिक्षक. आपण त्यांना गुरुजी म्हणूं. पुष्कळ वेळ ते पाऊस, पऱ्हाटी आणि गुडघेदुखी यांविषयीं बोलत राहिले. चहा निवून गेला. मग एकाएकीं त्यांनीं खिशांतून मोबाईल काढला, आमच्यापुढें बाकावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "फादर, हा तुमच्यापाशी ठेवून घ्या. मले नको आता."

घडलें होतें तें असें. तीन आठवड्यांपूर्वीं दुपारीं त्यांस एक व्हिडिओ कॉल आला. कांचेवर पोलिसी गणवेशांतील मनुष्य, त्याच्या पाठीमागें भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर फायलींचा ढीग. तो सफाईदार हिंदींत म्हणाला कीं, तुमच्या नांवाचें एक पार्सल मुंबईस पकडलें असून त्यांत अंमली पदार्थ सांपडले आहेत. तुमचा आधार क्रमांक आमच्यापुढें आहे. आणि त्यानें तो क्रमांक बिनचूक वाचून दाखविला. "तुमचें वय पाहून तुम्हांस तुरुंगांत न नेतां घरींच डिजिटल अटकेंत ठेवीत आहों. मोबाईल बंद करावयाचा नाहीं, खोलीबाहेर जावयाचें नाहीं, आणि घरांत कोणासही एक शब्द सांगावयाचा नाहीं. सांगाल तर तेही आरोपी होतील." गुरुजी दीड दिवस त्या खोलींत त्या कांचेपुढें बसून होते. सुनेनें जेवावयास हांक मारली तर पोट बरें नाहीं म्हणाले. 'चौकशीसाठीं' म्हणून त्यांनीं दोन खेपांत नव्वद हजार रुपये पाठविले; पैसे कसे पाठवावे हें त्याच सुनेनें त्यांना दिवाळींत मोठ्या कौतुकानें शिकविलें होतें. शेवटीं वादळानें वीज गेली, मोबाईलची बॅटरी संपली, कांच काळी झाली, आणि त्या काळोखांत गुरुजींस उमगलें कीं आपणास कोणीही अटक केलेली नाहीं.

आम्हीं विचारलें, "गुरुजी, त्याच रात्रीं मुलाला कां नाहीं सांगितलें?"

ते म्हणाले, "फादर, चाळीस वर्षं दुसऱ्याच्या लेकरांना अक्कल शिकवली. आता स्वतःच्या लेकराला कोणत्या तोंडानं सांगू?"

नव्वद हजार रुपये ही हानि लहान नव्हे. परंतु आमच्या मनास अधिक लागलें तें तीन आठवड्यांचें मौन. घरांत मुलगा, सून, नात. आणि त्या घरांत एक मनुष्य तीन आठवडे चोरासारखा वावरत होता, चोरी त्याचीच झाली असतां. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांच्या मुलास बोलावून घेतलें. तो रागावेल अशी गुरुजींस धास्ती होती. तो मुळींच रागावला नाहीं, तो बापाच्या शेजारीं बाकावर बसला व म्हणाला, "बाबा, मागल्या वर्षी माझेही बारा हजार असेच गेले. मी तुम्हाला सांगितलं नाही." तेव्हां घरांत मौन पाळणारे दोघे होते! त्याच दिवशीं तक्रार नोंदविली गेली. परंतु तोंवर ज्या खात्यांत पैसे गेले तेथें कांहीं शिल्लक उरलें नव्हतें.

म्हणून एक गोष्ट प्रथम स्वच्छ सांगतों. आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यांत 'डिजिटल अटक' या नांवाची तरतूद नाहीं. पोलीस, न्यायालय, कस्टम, सीबीआय, यांपैकीं कोणीही व्हिडिओ कॉलवर मनुष्यास अटकेंत ठेवीत नाहीं, व सुटकेसाठीं मोबाईलवरून पैसे मागत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणांत हीच गोष्ट साऱ्या देशास सांगितली; यावरून ही लबाडी किती पसरली आहे याचा अंदाज यावा. अशा कॉलला उत्तर एकच. तो बंद करावा. सभ्यपणें निरोप घेण्याचीही आवश्यकता नाहीं. आपली पिढी फार सभ्य, आणि चोराला तेंच सोयीचें पडतें.

पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. मिठाचा सत्याग्रह ज्या सालीं झाला तेंच साल. म्हणजे विसरण्याचें कारण नाहीं. तत्काळ कां, तें समजून घ्या. लुबाडलेला पैसा एका खात्यांत फार वेळ थांबत नाहीं. तो एकांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत पळविला जातो आणि अखेर कोठेंतरी रोख काढला जातो. तक्रार जितकी लौकर होईल तितका तो वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक. येथें तासांचा हिशेब आहे, आणि लाजेला आठवडे लागतात.

आमचें हें केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, असें येथील लोक परंपरेनें सांगत आले आहेत. बकासुराची कथा तुम्हांस आम्हीं सांगावी असें नाहीं. ती तुम्हीं टेकडीवरच्या गणपतीच्या जत्रेंत लहानपणींच ऐकली असेल. पाळीपाळीनें एकेका घरानें गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस त्या राक्षसाकडे पाठवावयाचा. ज्या घरावर पाळी आली तें घर आपल्या चार भिंतींत रडत बसलें. त्याच घरीं उतरलेल्या कुंतीनें तें रडणें ऐकलें, आंत जाऊन "काय झालें?" म्हणून विचारलें, आणि तेथून पुढची सारी कथा निराळी झाली. आम्हांस त्या कथेंत भीमापेक्षां कुंतीचें अधिक वाटतें. असो.

आतां, गुरुजींसारखा शिकलेला मनुष्य फसला कसा? आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. तो भोळा म्हणून फसला, असें म्हणणें सोपें आहे व खोटें आहे. आमच्या मतें कारण असें. तुम्हीं आम्हीं ज्या काळांत वाढलों त्या काळांत प्रत्येक गोष्टीला आपापला चेहरा होता. पत्र येई तें खाकी कपड्यांतला पोस्टमन आणी. पैसे देणें घेणें बँकेच्या खिडकीशीं किंवा सावकाराच्या ओट्यावर होई. बातमी वर्तमानपत्रांत येई, आणि अफवा पाणवठ्यावर. कोणती कोठून आली यावरून तिची किंमत ठरे. पोलीस दारीं येई तो स्वतःच्या पायांनीं, आणि त्याच्याबरोबर बहुधा गांवचा पोलीस पाटील असे. डोळ्यांनीं पाहतांच मनुष्यास कळे कीं हा कोण, याच्याशीं कसें बोलावें, याच्यावर किती विश्वास ठेवावा. हें शहाणपण तुम्हीं सत्तर वर्षें जमविलें आहे. आतां पत्र, पैसा, बातमी, अफवा, पोलीस, पुण्यांतला नातू आणि कोणी परका लुटारू, हीं सर्व एकाच वितभर कांचेंतून, एकाच आकारानें, एकाच आवाजाची घंटा वाजवून येतात. तुमचें शहाणपण नाहींसें झालेलें नाहीं. त्याला धरावयास जी खूण लागे ती खूण या यंत्रानें पुसून टाकली आहे. तरुण मंडळी आपल्याहून शहाणी नाहींत. त्यांनीं निराळ्या खुणा शिकून घेतल्या आहेत इतकेंच, आणि त्या शिकवितां येतात.

आपल्यांतील कित्येकजण म्हणतात, आम्ही जुन्या काळचे, आम्हांस यंत्र कळत नाहीं. आम्ही हें मान्य करीत नाहीं. ज्यांनीं बापाला मोटेवर बैल हाकतांना पाहिलें, स्वतः तेलाचें इंजिन चालविलें, आणि आज विजेची मोटार बसवून रात्रीं अडीच वाजतां उठून ती सुरू करतात, तींच हीं माणसें. २००२ सालीं बीटी कापसास सरकारनें परवानगी दिली. थोड्याच हंगामांत या वर्धा जिल्ह्यांत त्याची लागवड, खत, फवारणी सारें तुम्हीं शिकून घेतलें. तें चांगलें झालें कीं वाईट हा वाद निराळा, परंतु शिकलांत. तार तुम्हांस आठवते. तारवाला दिसतांच, पाकीट फोडण्यापूर्वींच बायका रडूं लागत. कारण तार म्हणजे मरण अशीच समजूत. पुढें कळलें कीं तारेंत नोकरीही येते आणि बारशाची बातमीही येते. ती तार २०१३ सालच्या जुलै महिन्यांत कायमची बंद झाली, आणि कोणी फारसें रडलें नाहीं. येथून फार लांब नाहीं त्या सेवाग्रामास तुम्ही गेलां असाल. गांधीजी तेथें १९३६ सालीं राहावयास आले. मातीच्या भिंती, बांबू, कौलें. आणि त्यांत व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांच्या कारकिर्दींत बसविलेला दूरध्वनी! तो अजूनही पाहणाऱ्यांस दाखवितात. झोपडींत दूरध्वनी आला म्हणून झोपडीचा राजवाडा झाला नाहीं. यंत्र कोठें ठेवावें व त्याला किती वेळ द्यावा हें घरधन्यानें ठरविलें.

न येणें ही लाजेची गोष्ट नव्हे, हें सांगण्यास आमच्याजवळ आणखी एक जुना दाखला आहे. १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण छापलें गेलें. भाषा मराठी, परंतु अक्षरें रोमन. कारण देवनागरीचे खिळे तेथें तयार नव्हते. म्हणजे ज्यांची भाषा त्यांनाच तीं अक्षरें परकीं! तरीही तें पुराण लोकांत रुजलें, कारण रविवारीं व सणासुदीस देवळांत कोणी एकानें वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें असा प्रघात पडला. ऐकणाऱ्यांस कोणी अडाणी म्हटलें नाहीं. वाचणाराही स्वतःस मोठा समजला नसावा, अशी आम्ही आशा करतों. मागच्या भिंतीकडे पाहून करतों.

आतां निरोपांविषयीं. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाच्या गांवीं आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भटके पुरुष, भिक्षा मागून पोट भरणारे, तेथें आले. त्या दिवसांत मोबाईलवरून एक निरोप गांवोगांव फिरत होता कीं मुलें पळविणारी टोळी आली आहे. जमावानें त्या पांचांस धरलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें आणि मारून टाकलें. ज्यांनीं मारलें त्यांचे हात रक्तानें भरले. परंतु ज्यांनीं तो निरोप केवळ 'काळजी घ्या' म्हणून पुढें पाठविला, त्या शेंकडों भल्या माणसांचें काय? त्यांपैकीं कित्येक आजोबा असतील, कित्येक आज्या असतील; नातवंडांच्या मायेनेंच त्यांनीं बोट लावलें असेल. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येणार नाहीं अशी मर्यादा घातली, आणि दुसऱ्याकडून आलेल्या निरोपावर बाणाची खूण दिसूं लागली. ती खूण ओळखावयास शिका. एक बाण म्हणजे हा निरोप पाठविणाऱ्यानें स्वतः लिहिलेला नाहीं. दोन बाण म्हणजे तो पांच किंवा अधिक हातांतून फिरत आला आहे. पाणवठ्यावरची बातमी तुम्ही जशी ऐकत होतां, तशी ती ऐकावी.

दुसऱ्यांस उपदेश करतांना आमचा स्वतःचा दोष लपवून कसें चालेल? २०२० सालच्या एप्रिलमध्यें, टाळेबंदींत, आमच्याकडे एक काढ्याचा निरोप आला. सुंठ, मिरीं, लिंबू, आणखी काय काय. दिवसांतून चार वेळां घेतल्यास रोग घशांतच मरतो म्हणे. एका परिचित धर्मभगिनीनें पाठविला होता, म्हणून आम्हीं विचार न करतां तो धर्मग्रामाच्या गटांत टाकला. चार दिवसांनीं कळलें कीं आपल्यांतील एक आजी तो काढा नेमानें चार वेळां पीत होत्या आणि पोटांत आग पडून तळमळत होत्या. सून म्हणे नका पिऊं, आजी म्हणत, "फादरनं धाडला हाय, खोटा कसा असन?" आम्ही दाराबाहेर उभे राहून त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं क्षमा केली, परंतु काढा उरला होता तो टाकूं दिला नाहीं. सुंठ महाग होती. तेव्हांपासून आमचा नियम हा: निरोप कोणी पाठविला यावरून तो खरा ठरत नाहीं. त्याला तो कोठून मिळाला, हें विचारावें. गांव कोणतें, तारीख कोणती, कोणाचें नांव आहे. यांपैकीं कांहींच नसेल तर तो निरोप आपल्यापाशींच संपूं द्यावा.

आणखी एक निरोप आम्हांस वारंवार दाखविला जातो. अमुक संताची प्रार्थना अकरा जणांस पाठवा. पाठविल्यास नऊ दिवसांत शुभवार्ता, न पाठविल्यास संकट. मागच्या उपवासकाळांत एक बाई रडत आल्या, कारण त्यांच्या मोबाईलमध्यें अकरा माणसांचे क्रमांकच नव्हते, आठच होते. अहो, हें तुम्हांस नवें आहे काय? पोस्टकार्डाच्या काळांत हेंच कार्ड येत नसे काय? तेरा कार्डें लिहून टाका, नाहींतर गाय मरेल! तेव्हां कार्डाला पैसे पडत म्हणून भीति मोजून मापून पसरे. आतां ती फुकट झाली आहे. देव पत्त्यांची संख्या मोजीत नाहीं. असा निरोप पुसून टाकल्यानें कोणतेंही पाप घडत नाहीं. तें पाप असेल तर तें आमच्या माथीं.

पैशांविषयीं थोडक्यांत बोलतों. गुप्त आंकडा, ज्याला पिन म्हणतात, तो पैसे देण्यासाठीं लागतो. घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं. "तुम्हांस पैसे पाठवितों, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला," असें जो म्हणतो तो तुमचे पैसे घेत आहे. बँकेकडून येणारा ओटीपी म्हणजे घराची किल्ली. बँकेचा साहेबही ती मागत नाहीं. कोणी लग्नपत्रिका म्हणून किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून फाईल पाठविली, व ती उघडतांच मोबाईल कांहींतरी बसविण्याची परवानगी मागूं लागला, तर समजावें कीं ही पत्रिका नव्हे. खऱ्या पत्रिकेला अक्षता लागतात, परवानगी लागत नाहीं. आणि नव्या यंत्रबुद्धीच्या योगानें आतां मनुष्याचा आवाजही हुबेहूब उतरवितां येतो. रात्रीं नातवाच्या आवाजांत "आजी, मला अपघात झाला, पैसे पाठव" असें कोणी रडत म्हणेल. घाबरूं नका. प्रत्येक घरानें आपसांत एखादा शब्द ठरवून ठेवावा, जो कोणत्याही मोबाईलमध्यें लिहिलेला नसेल. जुन्या बैलाचें नांव चांगलें. तें नांव विचारावें. नातू असेल तर सांगेल. नसेल तर आपण होऊन कॉल बंद करील.

आतां मागच्या भिंतीशीं उभ्या असलेल्यांनीं पुढें यावें, कारण हें तुमच्यासाठीं आहे.

आजोबा मोबाईल घेऊन येतात व विचारतात, बाळा, हें कसें करावयाचें? तुम्ही "द्या इकडे" म्हणून तो हातांतून घेतां, तीन ठिकाणीं बोट लावतां, काम होतें, आणि परत देतां. काम झालें, शिकणें झालें नाहीं. आजोबा पुढच्या वेळीं विचारावयास कचरतात. गुरुजींच्या मौनाचा उगम आम्हांस येथें दिसतो. मोबाईल त्यांच्याच हातांत राहूं द्या. बोट त्यांचें, डोळे तुमचे. एके दिवशीं एकच गोष्ट शिकवा. नातवाला फोटो पाठविणें शिकविलें कीं त्या दिवशींचा पाठ संपला. दुसऱ्या दिवशीं तीच गोष्ट पुन्हां विसरतील, पुन्हां सांगा. तुम्हांस बाराखडी किती वेळां सांगावी लागली हें त्यांना आठवतें, पण ते बोलून दाखवीत नाहींत. अक्षरें मोठीं करण्याची सोय यंत्रांतच असते. ती कोणी करून देत नाहीं आणि मग म्हणतात आजीला दिसत नाहीं. एका वहींत, जाड पेनानें, त्यांच्याच शब्दांत पायऱ्या लिहून द्या: 'हिरवें चित्र दाबावें', 'खालचा लांबट रकाना दाबावा'. तुमचे इंग्रजी शब्द तुमच्यापाशीं ठेवा. आणि ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांस बोलून निरोप पाठविण्याची युक्ति दाखवा. आपल्या धर्मग्रामांतील एक मावशी, ज्यांस सही येत नाहीं, रोज रात्रीं पुण्याच्या मुलाला आवाजाचा निरोप पाठवितात; आज काय शिजविलें, गाय किती दूध देते, कोणाच्या घरीं पाहुणे आले. तो मुलगा आम्हांस म्हणाला, "फादर, मी ते सगळे जपून ठेवले आहेत. कामावरून येताना ऐकतो."

सरकारानें पुष्कळशीं कामें या यंत्रांत नेलीं आहेत, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली; शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून पिकाचा फोटो काढून नोंद करावी अशी योजना. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो; तोही २०१४ पासून बोटाच्या ठशावर घरबसल्या देतां येऊं लागला. सोय मोठी आहे, हें नाकारणें अन्याय होईल. पण जिनें साठ वर्षें कापूस वेंचला तिच्या बोटावर ठसा उरतो कोठें? यंत्र म्हणतें, जुळत नाहीं. ती बाई पुढें उभी आहे, श्वास घेत आहे, आणि यंत्रास तिच्या हयातीची खात्री पटत नाहीं! आतां चेहऱ्यावरूनही ओळख पटविण्याची सोय झाली आहे, ती मुलांनीं माहीत करून घ्यावी व अशा आजींस बरोबर घेऊन जावें. तथापि आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्यास यंत्र जमत नाहीं त्याच्यासाठीं प्रत्येक कचेरींत एक खिडकी आणि खिडकीमागें एक माणूस असलाच पाहिजे. हें आम्ही जेथें बोलावयाचें तेथेंही बोलत असतों.

वडीलधाऱ्यांपैकीं ज्यांस हें यंत्र नकोच आहे, त्यांस आमचा आग्रह नाहीं. साधा दोन बटणांचा दूरध्वनी ठेवून सुखानें राहावें. ज्यांस तें फार आवडूं लागलें आहे, मध्यरात्रींपर्यंत जे अंथरुणांत त्या कांचेकडे पाहत पडतात, त्यांनीं नातवंडांना रागावण्यापूर्वीं थोडें आपल्याकडे पाहावें. अशी दोन नांवें आमच्याजवळ आहेत. एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें कीं व्हॉट्सॲपवर पापनिवेदन चालेल काय. नाहीं चालत. २००२ सालींच रोमहून खुलासा झालेला आहे कीं इंटरनेटवर संस्कार होत नाहींत. ते गृहस्थ पडवीपासून वीस पावलांवर राहतात.

गुरुजींचा मोबाईल आम्हीं ठेवून घेतला नाहीं. दोन महिने तो त्यांच्या कपाटांत बंद पडून होता. मग नातीनें तो बाहेर काढला, वहींत पायऱ्या लिहिल्या, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १९३० लिहिलें. आज ते येथें पुढच्या रांगेंत आहेत, आणि येथवर आम्हीं त्यांच्याकडे मुद्दामच पाहिलें नाहीं. परंतु आतां तेच हात वर करून आपली ओळख देत आहेत, तेव्हां आमचाही नाइलाज.

भोजनानंतर शाळेच्या पडवींत पांच टेबलें मांडलीं आहेत. प्रत्येक टेबलाशीं दोन मुलें बसतील. आपला मोबाईल, चष्मा आणि एक कोरी वही घेऊन यावें. वही नसेल तर येथें मिळेल. पहिल्या टेबलावर अक्षरें मोठीं करून देतील, दुसऱ्यावर आवाजाचा निरोप, तिसऱ्यावर पैशांचे नियम. चौथ्या टेबलाशीं स्वतः गुरुजी बसणार आहेत. ज्यांचे पैसे गेले आहेत आणि ज्यांनीं अद्याप घरीं सांगितलें नाहीं, त्यांनीं तेथें जावें. तें टेबल मुद्दाम पडवीच्या टोकाला, निंबाच्या सावलींत ठेवलें आहे. पांचव्या टेबलावर चहा आहे.